पुढच्या डाव्या चाकाची कुईकुई

आमची गाडी घरीच दुरुस्त करायची, हे ठरलं मंगळवारी चहाच्या वेळी, आणि ठरवलं मी. हे आधीच कबूल करून टाकते. कारण नंतर घरात जो तो "मी काही त्यात नव्हतो बरं का" असं म्हणायला लागला. एक ठमी सोडून. ठमी काहीच म्हणाली नाही, कारण ती तेव्हा दहा महिन्यांची होती. (बोलता आलं असतं तर तिनंही माझ्याकडेच बोट दाखवलं असतं.)

ठमी म्हणजे आमची मुलगी. गुणी आहे, गोड आहे, फक्त झोपत नाही. पाळण्यात झोपत नाही, मांडीवर झोपत नाही, खांद्यावर तर मुळीच नाही. मी अंगाई म्हणायला लागले की ती माझ्या तोंडाकडे एकटक बघते, गाण्याच्या परीक्षेला आलेल्या परीक्षक बाई बघतात तशी, आणि मग मला नापास करून रडायला लागते. तिला झोप येते ती एकाच जागी. आमच्या जुन्या गाडीत, मागच्या सीटवर बांधलेल्या तिच्या खुर्चीत. रोज दुपारी हे दुकानातून जेवायला घरी येतात. जेवण झालं की बरोबर दोन वाजता ठमीला गाडीत घालायचं, मी शेजारी बसायचं आणि ह्यांनी गल्लीला फेऱ्या मारायच्या. दुसऱ्या फेरीत टपालपेटी यायच्या आत तिची मान कलंडते. मग खुर्ची सोडून तिच्यासकट अलगद घरात आणायची, की दोन तास घर आमचं. धुणं, भांडी, सासूबाईंची डुलकी, माझं केस विंचरणं, सगळं त्या दोन तासांत. एकदा हे गाडी घेऊन परगावी गेले होते, तर ठमी दुपारी दोनपासून संध्याकाळी सातपर्यंत रडली. शेजारच्या बाई हळूच विचारायला आल्या, "घरात काही बरंवाईट झालंय का?"

तर ती गाडी कुईकुई करायला लागली. पुढचं डावं चाक. खड्डा आला की कुई, वळण आलं की कुईईई. सुरुवातीला चाकात उंदराचं एखादं पिल्लू अडकल्यासारखं वाटायचं. सहा महिन्यांत त्याचं अख्खं खानदान राहायला आलं.

आता मी आहे काळजी करणारी. माझी काळजी कुठून सुरू होईल सांगता येत नाही, पण ती थांबते ती थेट वाईटावरच. ठमी शिंकली की मला न्यूमोनिया दिसतो. चाक वाजलं की मला चाक एकीकडे, आम्ही एकीकडे आणि ठमीची खुर्ची तिसरीकडे दिसायची. गाडीत बसले की मी एक हात ठमीच्या खुर्चीवर आणि एक हात दाराला घट्ट धरून बसायचे, जणू गाडी माझ्या हातांनीच एकत्र राहिली आहे.

शेवटी ह्यांना ओढत गॅरेजवाल्यांकडे नेलं. ते वाकले, डोकं चाकात घातलं, गाडी वरून दोनदा दाबली. गाडी दोनदा कुई म्हणाली.

"सस्पेन्शनचे बुश गेलेत," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून समजावून सांगायला लागले, "घाबरू नका बाई. ह्या लोखंडी दांड्या असतात ना, त्या एकमेकींवर घासू नयेत म्हणून मध्ये रबर बसवलेलं असतं. तुमचं रबर वाळून लाकूड झालंय. चाक काही पडणार नाही. पण बदलून टाका."

ह्यांनी ऐकलं, "चाक पडणार नाही." मी ऐकलं, "चाक." आणि "पण."

"कधी करून द्याल?"

"गाडी ठेवून जा. चार दिवस लागतील. पुढं रांग आहे."

चार दिवस! चार दुपारी! हे माझ्याकडे बघायला लागले, मी ह्यांच्याकडे. गाडीतून ठमी आमच्या दोघांकडे बघत होती. तिला काही कळलं असेल असं नाही, पण ती हसली, आणि मला ते हसणं आवडलं नाही.

मंगळवारी चहा पिताना मी म्हटलं, "अहो, आपणच घरी बदललं तर? रविवारी सकाळी आठला सुरू करायचं. दोनच्या आत उरकायचं. एकही दुपार बुडायची नाही."

ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. हे दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून चिमट्यानं तिळाएवढे स्क्रू उचलतात. मला वाटलं, नाही म्हणतील. पण हे विचारात पडले आणि म्हणाले, "घड्याळापेक्षा मोठं आहे म्हणजे सोपंच असणार. सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं."

"आणि ग्रीस मी लावीन," मी म्हटलं. "आम्हाला सातवीला घर्षणाचा धडा होता. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की झीज होते, आवाज होतो. वंगण लावलं की घर्षण कमी होतं. मला अजून पाठ आहे."

(सातवीनंतर माझी शाळा सुटली. सुटताना जे काही हाताला लागलं त्यात हा एक धडा होता. तो आयुष्यात कधी वापरायला मिळाला नव्हता.)

सासूबाई ठमीला भरवत होत्या. त्या म्हणाल्या, "चहा पिताना ठरवलेली कामं अशीच सोपी असतात."

गॅरेजवाले भला माणूस. त्यांनी नवे बुश दिले, रबरासाठी असतं ते वेगळं ग्रीस दिलं, पाने दिले, जॅक दिला, आणि गाडीखाली ठेवायला लोखंडी तिपाई दिली. "नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही," असं त्यांनी ह्यांना एकदा बजावलं. घरी येईपर्यंत मी अकरा वेळा बजावलं.

रविवारी आठ वाजता गाडी अंगणात वर उचलली गेली. हे डोळ्याला भिंग लावून बसले. मग म्हणाले, "एक स्वच्छ पांढरं कापड दे."

"ग्रीसच्या कामाला पांढरं?"

"माझी पद्धत आहे. घड्याळ उघडलं की जो भाग पहिला निघेल तो बाराच्या जागी ठेवायचा. दुसरा एकच्या जागी. काटा फिरतो तसं पुढं जायचं. बसवताना उलटं फिरायचं. कधी चूक होत नाही."

पांढरं कापड घरात एकच होतं. ठमीचं दुपटं. मी ते जमिनीवर अंथरलं.

चाकाचे नट काही सुटेनात. कारण हे पाना दोन बोटांनी फिरवत होते. "जास्त जोर लावला की स्क्रू तुटतो," हे म्हणाले. अर्धा तास हे दोन बोटांनी त्या नटाची समजूत काढत होते. शेवटी सासूबाईंना बघवेना. त्यांनी ठमीला माझ्या कडेवर दिलं, चपला काढल्या, भिंतीला धरलं आणि पान्याच्या दांड्यावर सरळ उभ्या राहिल्या. कट्ट! नट सुटला.

"लहानपणापासून सांगतेय ह्याला," त्या खाली उतरत म्हणाल्या, "जरा अंग लावून काम करत जा. पुढचा कुठला?"

असे चारही नट सासूबाईंनी उभ्या राहून सोडवले. चाक निघालं. त्याच्यावरचा चिखल मला बघवेना, म्हणून मी ते ठमीच्या आंघोळीच्या टबात भिजत घातलं. आत सगळा लोखंडी संसार दिसायला लागला. हे एकेक भाग काढायचे, भिंगातून बघायचे, पुसायचे आणि दुपट्यावर ठेवायचे. बाराला चाकाचे नट. एकला दांडीचा वरचा नट. दोनला वॉशर. तीनला जुनं रबर, ज्याला मधोमध भेग पडली होती. असं करत साडेदहाला आम्ही आठ वाजेपर्यंत पोचलो. म्हणजे दुपट्यावरचे आठ.

नवं रबर बसवायची वेळ आली. ह्यांनी ग्रीसच्या पुडीत सुई बुडवली आणि रबराच्या आत एक ठिपका लावला. मोहरीएवढा.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. वंगण जास्त झालं की धूळ धरते."

"अहो, ते घड्याळात! इथं माझी मुलगी बसते. व्हा बाजूला."

मी ठमीला सासूबाईंकडे दिलं, बाह्या वर केल्या आणि धड्याला स्मरून हात घातला. रबराच्या आत लावलं, बाहेर लावलं, शेजारच्या रबराला लावलं. घर्षण बिचारं जायला जागा शोधत असेल. कोपरापर्यंत हात माखले, पण मला फार बरं वाटत होतं. सहा महिन्यांची काळजी मी चोळून चोळून आत दाबत होते.

तेवढ्यात मागं वळून बघितलं तर ठमी नव्हती सासूबाईंजवळ. ठमी दुपट्यावर होती. साधारण साडेचारच्या जागी बसली होती, आणि तिचं तोंड हलत होतं.

मग मी जे केलं ते कुठल्याही आईनं केलं असतं असं मी अजून म्हणते. मी दुपट्याची चारही टोकं धरली आणि ठमीसकट दुपटं उचललं. ठमी गाठोड्यात, नट गाठोड्यात, बोल्ट गाठोड्यात. बारा, एक, दोन, तीन, सगळे वाजले एकदम.

"अगं, माझे बारा!" हे ओरडले.

मी ठमीच्या तोंडात बोट घातलं. बिस्किट निघालं. जरा जिवात जीव आला. मग सगळे भाग पुन्हा मोजले. ह्यांनी भिंग सरळ केलं. पुन्हा मोजले.

"काय झालं?"

"एक वॉशर कमी आहे."

"केवढा?"

ह्यांनी बोटांनी दाखवला. कोटाच्या बटणाएवढा.

मी ठमीला कडेवर घेतलं. "गिळला! हिनं गिळला! चला दवाखान्यात. गाडी काढा!"

"कुठून काढू?" हे म्हणाले. "चाक टबात आहे."

"मग चाक लावा!"

"लावायला वॉशर लागतो."

"वॉशर तिच्या पोटात आहे!"

ह्यांनी ठमीचं तोंड उघडून भिंगातून बघितलं. ठमीला वाटलं खेळ आहे, तिनं भिंग धरलं. मी रडायला लागले. मला रडताना बघून ठमी रडायला लागली. आणि सासूबाई, ज्या इतका वेळ शांतपणे अंगण धुंडाळत होत्या, त्या माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"सूनबाई, हात वर कर बघू."

"अक्का, ही काय वेळ आहे का..."

"वर कर म्हणते ना."

मी हात वर केला. कोपराला, ग्रीसच्या थरात, वॉशर चिकटून बसला होता. नुसता बसला नव्हता, चमकत होता. मी दुपटं उचललं तेव्हा तो मलाच येऊन चिकटला होता. (ह्यांनी तो चिमट्यानं काढला. तसा चेहरा मी ह्यांचा एखादं महागाचं घड्याळ पाण्यात पडलं तेव्हाच बघितला आहे.)

आता वॉशर होता, पण क्रम गेला होता. बारा वाजून गेले होते, खरे. हे त्या ढिगाकडे बघत बसले. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अरे, उजव्या बाजूला दुसरं चाक आहे ना? त्याच्यात बघ आणि तसं लाव." हे उठले, उजव्या चाकाच्या मागं डोकं घालून बघायचे, धावत डावीकडे यायचे, एक भाग लावायचे, पुन्हा धावत उजवीकडे. एकच्या पुढं ठमी डोळे चोळायला लागली. दीडला कान ओढायला लागली. पावणेदोनला सासूबाई पुन्हा पान्यावर उभ्या राहिल्या आणि शेवटचा नट घट्ट झाला.

हे एकटेच एक फेरी मारून आले. मी फाटकात कान देऊन उभी होते. गाडी गतिरोधकावरून गेली. काही नाही. वळली. काही नाही. लोण्यावरून सुरी जावी तशी गाडी आली. मला इतका अभिमान वाटला की सातवीच्या बाई दिसल्या असत्या तर त्यांना गाडीत बसवून फिरवलं असतं.

दोन वाजता ठमीला खुर्चीत बसवलं. पहिली फेरी. ठमी खिडकीतून बघत होती. दुसरी फेरी. टपालपेटी आली, टपालपेटी गेली. ठमी जागी. तिसऱ्या फेरीत ती खुर्चीत इकडंतिकडं काहीतरी शोधायला लागली. सहाव्या फेरीत रडायला लागली. अकराव्या फेरीत टपालपेटीजवळच्या दुकानदारानं ह्यांना थांबवून विचारलं, "पत्ता सापडत नाहीये का?"

"ग्रीसचा वास येत असेल तिला," हे म्हणाले. मी चार वेळा आंघोळ केली. सोमवारी तेच. मंगळवारी तेच. ह्यांनी दुकानातून सात घड्याळं आणून तिच्या उशाशी टिकटिक करत ठेवली. दुपारी तीनला सातही घड्याळांनी टोले दिले, तेही आपापल्या सवडीनं. मला तर रडणं आणि घरातली शांतता ह्यांतलं काय जास्त टोचतंय तेच कळेना. कारण रविवारी संध्याकाळी, अभिमानाच्या भरात, उरलेलं ग्रीस मी फाटकाला, कपाटाला, पाळण्याच्या कड्यांना आणि सासूबाईंच्या खाटेला लावून टाकलं होतं. घरात आवाज करणारं एकच उरलं होतं, ते म्हणजे ठमी.

बुधवारी जॅक आणि तिपाई परत द्यायला गॅरेजमध्ये गेलो. ठमी माझ्या खांद्यावर, रडून लाल. गॅरेजवाले एका गाडीखाली होते. चाकं लावलेल्या फळीवर पाठ टेकून ते सरकत बाहेर आले. फळी म्हणाली, कुई. ठमी थांबली. ते पाना घ्यायला पुन्हा आत सरकले. कुईईई. ठमीच्या पापण्या जड झाल्या. ते बाहेर आले. कुई. ठमीची मान माझ्या खांद्यावर कलंडली.

मी आणि हे एकमेकांकडे बघतच राहिलो.

त्याच क्षणी मला आठवलं. सातवीत त्या धड्याचे दोन भाग होते. 'घर्षणाचे तोटे' आणि 'घर्षणाचे फायदे'. तोटे मला पाठ आहेत. फायद्यांच्या दिवशी मी ताप येऊन घरी झोपले होते.

"दादा," मी दबक्या आवाजात गॅरेजवाल्यांना म्हटलं, "आमच्या गाडीचा आवाज परत घालून मिळेल का?"

ते फळीवर उठून बसले. "आवाज काढायला लोक येतात, बाई. घालायला तुम्ही पहिल्या."

"जुने बुश बसवले तर?"

"आहेत का?"

"एक आहे. आमच्या अक्कांनी कपाट डुगडुगतं म्हणून पायाखाली घातलाय."

"कपाटाखाली असो नाहीतर तिजोरीत असो, मी बसवणार नाही. लेकरू घेऊन फिरता त्या गाडीत." मग त्यांनी वाकून आमचं चाक बघितलं, गाडी दाबली, पुन्हा दाबली. "काम मात्र चोख केलंय. ग्रीस कुणी लावलं?"

"मी," मी जरा लाजत म्हटलं.

"दिसतंय. आता दहा वर्षं हिच्यातून हूं की चूं निघायचं नाही."

एवढी वाईट बातमी इतक्या कौतुकानं मला कुणीच दिली नव्हती.

गुरुवारी दुपारी दोन वाजता ठमी खुर्चीत बसून रडत होती, हे गाडी चालवत होते, आणि मी खिडकीची काच वर केली. दोन्हीकडच्या काचा वर केल्या. ह्यांना म्हटलं, "आरशात बघायचं नाही." आणि पहिला खड्डा आला तशी मी बारीक आवाजात म्हटलं,

"कुई."

ठमी थबकली.

"वळण आलं," हे पुढून म्हणाले.

"कुईईई."

"गतिरोधक."

"कुई. कुई."

टपालपेटी यायच्या आत ठमी झोपली.

तेव्हापासून हेच चाललं आहे. हे पुढून रस्ता सांगतात, मी मागून वाजते. आता मला सराव झालाय. पावसाळी कुई वेगळी, कोरडी वेगळी. (टपालपेटीजवळचा दुकानदार आता काही विचारत नाही. नुसता हात जोडतो.) सासूबाई शेजारच्या बाईंना सांगत होत्या, "आमच्या गाडीचा आवाज गेला. तो सुनेला लागला."

लागू दे. मला त्याचं काही नाही. चाक घट्ट आहे, ठमी झोपते, माझे केस विंचरून होतात. मला एकच लागून राहिलं होतं. ठमी ह्यांना 'बाबा' म्हणायला लागली होती. सासूबाईंना 'अक्का' म्हणायला लागली होती. मला काहीच म्हणत नव्हती. मी रोज तिच्यासमोर बसून छातीवर हात ठेवून सांगायचे, "आई. म्हण, आ-ई." ती नुसती बघायची. मग एका सकाळी ती भिंतीला धरून उभी राहिली, माझ्याकडे हात पसरले, तोंडभर हसली आणि म्हणाली,

"कुई!"

हे हसून हसून खाली बसले. मला वाटलं, ठीक आहे. हाक तर मारली. कुई तर कुई.

गेल्या आठवड्यात दुपारी नेहमीसारखे निघालो होतो. अजून पहिला खड्डाही आला नव्हता, आणि मागून कुठूनतरी बारीक आवाज आला.

"इतक्या लवकर?" हे म्हणाले.

"मी नाही," मी म्हटलं. "मी गप्प आहे."

गाडी वळली. पुन्हा आवाज आला. मागचं उजवं चाक. ह्यांनी गाडीचा वेग कमी केला. मी श्वास रोखून ठमीकडे बघायला लागले. ती ताठ बसली. तिनं कान दिला. मग माझ्याकडे पाठ करून ती त्या चाकाच्या दिशेला वळली, दोन्ही हात पुढं केले, आणि मी इतके महिने ज्या शब्दाची वाट बघत होते तो इतका गोड आणि इतका स्पष्ट म्हणाली की ह्यांनाही पुढं ऐकू गेला.

"आई!"